विश्लेषण : आधी उणे २७, वर्षभरात अधिक ३०… हॉकीतील बचावपटूची कामगिरी नक्की कोणाची?

आइस हॉकीत बचावपटू कधीच एकटा खेळत नाही. त्याच्या शेजारी जोडीदार असतो, मागे गोलरक्षक, पुढे तीन आघाडीपटू आणि बाकावर कोणाला कधी उतरवायचे हे ठरवणारा प्रशिक्षक. तरीही पगार, पुरस्कार आणि बदनामी या तिन्ही गोष्टी एकट्याच्या नावावर जमा होतात. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) कोट्यवधी डॉलरचे करार याच आकड्यांवर होतात आणि त्यातले काही संघांच्या गळ्यात अडकतात. हे आकडे किती खरे मानायचे?

एका उन्हाळ्यात काय बदलले?

झ्देनो चारा हा स्लोव्हाकियाचा सहा फूट नऊ इंच उंचीचा बचावपटू. २०००-०१च्या हंगामात तो न्यूयॉर्क आयलंडर्सकडून सगळे ८२ सामने खेळला. त्याच्या नावावर दोन गोल होते आणि प्लस-मायनसचा आकडा होता उणे २७. म्हणजे तो बर्फावर असताना त्याच्या संघाने जितके गोल केले, त्यापेक्षा २७ अधिक खाल्ले. आयलंडर्स त्या वर्षी लीगमध्ये तळाला होते.

जून २००१ मध्ये आयलंडर्सने ऑटावा सेनेटर्सकडून अलेक्सी याशिन हा नावाजलेला आघाडीपटू घेतला. बदल्यात त्यांनी नव्या खेळाडूंच्या निवडीतील दुसऱ्या क्रमांकाचा हक्क दिला, ज्यावर ऑटावाने जेसन स्पेझाला घेतले. त्याशिवाय बिल मकॉल्ट नावाचा एक आघाडीपटू आणि चारा. तेव्हाच्या बातम्यांत चाराचे नाव बहुतेक शेवटी येत असे. पुढच्याच हंगामात ऑटावाकडून ७५ सामन्यांत चाराचा आकडा झाला अधिक ३०.

खेळाडू तोच, उंची तीच, वय एका वर्षाने वाढलेले. २४ व्या वर्षी बचावपटू सुधारतो, हे खरे. या जागेवरचे खेळाडू उशिराच पिकतात. पण एका उन्हाळ्यात ५७ गोलांचा फरक पडेल इतके कोणी सुधारत नाही. ऑटावात त्याच्या पुढे डॅनियल आल्फ्रेडसन आणि मारियन होसा होते. बचावफळीत वेड रेडन आणि ख्रिस फिलिप्स होते. प्रशिक्षक जाक मार्टिन शिस्तबद्ध बचावासाठी ओळखले जात. चारा एका ढासळलेल्या घरातून बांधलेल्या घरात आला होता.

गोष्ट इथेच संपली असती तर ‘चांगल्या संघात गेला आणि चमकला’ एवढेच म्हणता आले असते. पण २००६ मध्ये चारा मोठ्या मानधनावर कर्णधार म्हणून बॉस्टन ब्रुइन्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात पुन्हा उणे २१ झाला. तेव्हा तो लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक मानला जात होता आणि त्याचा खेळ कोठेही हरवला नव्हता. संघ विस्कळीत होता. पुढच्या वर्षी क्लोद ज्युलियन प्रशिक्षक म्हणून आले, बचावाची घडी बसली आणि चाराचा आकडा पुन्हा अधिकमध्ये गेला. २००९ मध्ये त्याला सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळाली.

प्लस-मायनस मोजतात कसे?

मैदानी हॉकी पाहणाऱ्यांसाठी थोडी ओळख आवश्यक आहे. आइस हॉकीत एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात : साधारणपणे तीन आघाडीपटू, दोन बचावपटू. सामन्यासाठी सहसा सहा बचावपटू तयार ठेवतात आणि ते तीन जोड्यांनी खेळतात. एक जोडी पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळते, मग बाकावर जाते आणि दुसरी उतरते. साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या जोडीच्या वाट्याला २५ मिनिटे येऊ शकतात, तिसऱ्या जोडीच्या वाट्याला कधी १५ सुद्धा येत नाहीत.

संघाने गोल केला की त्या क्षणी बर्फावर असलेल्या प्रत्येकाला एक गुण अधिक, गोल खाल्ला की प्रत्येकाला एक उणे. गोलशी कोणाचा संबंध होता, कोण बाकाकडे निघाला होता, कोणाच्या चुकीने चकती गेली, हे विचारले जात नाही. दंडामुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू कमी असताना, म्हणजे पॉवर प्लेवर केलेला गोल यात धरत नाहीत. मात्र पॉवर प्ले चालू असताना उलट आपल्यावरच गोल झाला तर तो उणे म्हणून नोंदवला जातो. त्यामुळे पॉवर प्ले चालवणाऱ्या बचावपटूला त्या मिनिटांतून या हिशेबात मिळवण्यासारखे काही नसते, गमावण्यासारखे मात्र असते.

आणखी एक खोच आहे. शेवटच्या दोन मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा आक्रमक आणतो. तेव्हा बर्फावर कोण असतो? संघातला सर्वांत चांगला बचावपटू. प्रतिस्पर्ध्याने रिकाम्या जाळीत चकती सरकवली की उणे त्याच्याच नावावर. हरणाऱ्या संघातला चांगला खेळाडू असणे या हिशेबात महागात पडते.

या आकड्याची दोन टोके पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. १९७०-७१ मध्ये बॉस्टनचा बॉबी ऑर अधिक १२४ होता, तो विक्रम आजही अबाधित आहे. १९७६-७७ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सचा लॅरी रॉबिन्सन अधिक १२० झाला. त्या माँट्रियलने ८० पैकी फक्त आठ सामने गमावले होते. गोलमध्ये केन ड्रायडन, पुढे गाय लाफ्लर, बचावात रॉबिन्सनबरोबर सर्ज सावार आणि गाय लापॉइंट. ऑर आणि रॉबिन्सन असामान्य खेळाडू होते याबद्दल वाद नाही. पण रॉबिन्सनला वेगळ्या संघात बसवले असते तर १२० दिसले असते, असे कोणी म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाला आहे बिल मिकेलसन. १९७४-७५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स हा नवा संघ लीगमध्ये आला. इतर संघांनी नको म्हणून सोडलेले खेळाडू गोळा करून तो उभा राहिला होता. ८० सामन्यांत आठ विजय, ६७ पराभव, पाच बरोबरी. संघाने ४४६ गोल खाल्ले. या संघात मिकेलसन ५९ सामने खेळला आणि उणे ८२ झाला. लीगच्या इतिहासातील हा सर्वांत वाईट आकडा पन्नास वर्षे त्याच्या नावाला चिकटला आहे. तो एका सामन्यात आणि एका संघात खेळत होता, हे वाक्य त्या विक्रमाच्या तक्त्यात नसते. त्याची मुलगी मेगन मिकेलसन हीदेखील बचावपटूच. तिने कॅनडाकडून २०१० आणि २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके जिंकली.

जोडीदाराने एवढा फरक पडतो?

बचावपटूचे सर्वांत अवघड काम कॅमेऱ्यात फारसे भरत नाही. प्रतिस्पर्धी चकती लांबवर, बचावपटूच्या मागे कोपऱ्यात मारतो आणि तिच्यामागे सुसाट येतो. बचावपटूला पाठ फिरवून धावावे लागते, आणि मागून नव्वद-शंभर किलोचा माणूस अंगावर येणार हे त्याला ठाऊक असते. या दोन-तीन सेकंदांत त्याचे डोळे जोडीदाराकडे असतात. दाब कोणत्या बाजूने येतो आहे, चकती जाळीमागून वळवायची की पलीकडे द्यायची की फळीवरून बाहेर मारायची, हे जोडीदार ओरडून सांगतो आणि त्याच वेळी पास घेता येईल अशा जागी पोहोचतो. तो वेळेत पोहोचला तर चकती दोन पासांत बाहेर जाते. उशीर झाला तर पहिला बचावपटू फळीला चिरडला जातो, चकती जाते आणि पुढचे अर्धे मिनिट आपल्याच गोलसमोर धावाधाव करण्यात जाते. चित्रफितीत चकती गमावणारा दिसतो. उशिरा पोहोचलेला चौकटीबाहेर राहतो.

कबड्डी पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा पकडला, पण शेजारचा कव्हर वेळेत आला नाही, तर चढाईपटू त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. लोक म्हणतात, पकड सुटली.

हाताचाही प्रश्न आहे. डाव्या हाताने काठी चालवणारे बचावपटू लीगमध्ये जास्त आहेत, उजव्या हाताचे कमी. त्यामुळे अनेक डावखुऱ्यांना उजव्या बाजूला खेळावे लागते. तिथे फळीलगत आलेली चकती त्यांना काठीच्या उलट्या बाजूने सांभाळावी लागते, पास देण्यासाठी अंग वळवावे लागते. अर्धा सेकंद जातो. उजव्या हाताचा चांगला जोडीदार मिळाला तर त्याच खेळाडूला आपली बाजू परत मिळते आणि तो अचानक ‘सुधारलेला’ दिसतो. उजव्या हाताच्या बचावपटूंना बाजारात जास्त भाव मिळतो, तो यामुळेच.

दोनास एक असा हल्ला आला की मागे राहिलेल्या एकट्या बचावपटूने काय करायचे, याचा पाठ लहानपणीच मिळतो : पास अडवायचा आणि फटका गोलरक्षकावर सोडायचा. बचावपटूने हे अगदी बरोबर केले तरी पुढचा निकाल गोलरक्षकाच्या हातात. त्याने अडवले तर ‘उत्तम बचाव’, सुटले तर उणे एक. आणि असा हल्ला आलाच का? बऱ्याचदा जोडीदार पुढे अडकला म्हणून, किंवा आघाडीपटू परत धावला नाही म्हणून.

ऑटावाचा एरिक कार्लसन याचे चांगले उदाहरण आहे. आक्रमणात तो लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक; २०१२ आणि २०१५ मध्ये त्याने नॉरिस ट्रॉफी जिंकली. त्याच्याबरोबर अनेक हंगाम मार्क मेथॉट खेळला. मेथॉट फारसे गोल करत नसे, चकती घेऊन धावत नसे. कार्लसन पुढे निघाला की तो मागे थांबायचा. २०१६-१७ मध्ये ऑटावा अंतिम फेरीपासून एका गोलाच्या अंतरावर पोहोचला. पिट्सबर्गने सातव्या सामन्याच्या दुसऱ्या जादा वेळेत त्यांना हरवले. कार्लसन त्या नियमित हंगामात अधिक १० होता. त्याच उन्हाळ्यात लास वेगास हा नवा संघ लीगमध्ये आला, प्रत्येक जुन्या संघातून एक खेळाडू उचलण्याचा हक्क त्याला होता आणि ऑटावातून त्याने मेथॉटला उचलले. पुढच्या हंगामात कार्लसन उणे २५ झाला.

हा सगळा मेथॉटच्या जाण्याचा परिणाम म्हणायचा का? मोह होतो, पण हिशेब इतका सरळ नाही. त्याच उन्हाळ्यात कार्लसनच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती, तो हंगामपूर्व सरावाला मुकला होता. गोलरक्षण घसरले. पूर्ण संघच ९८ गुणांवरून ६७ वर कोसळला. जोडीदार गेला, पाय दुखावला, गोलरक्षक ढेपाळला, हे सारे एकाच वर्षी झाले. यातले किती कोणामुळे, हे सांगणारा आकडा नाही. तरीही ‘कार्लसन संपला’ असे त्या वर्षी लिहिले गेलेच.

१०१ गुण आणि उणे २६ एकाच हंगामात कसे?

कार्लसन २०१८ मध्ये सॅन होजे शार्क्सकडे गेला. २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांचा, दर वर्षी १.१५ कोटी डॉलरचा करार मिळाला. बचावपटूसाठी ती तेव्हा लीगमधील सर्वांत मोठी वार्षिक रक्कम होती. मग तीन हंगाम निराशेचे गेले. दुखापती होत्याच. पण संघात ब्रेंट बर्न्स हा आणखी एक उजव्या हाताचा, आक्रमक, नॉरिस विजेता बचावपटू होता. दोघांचे गुण सारखे आणि हवी असलेली जागाही एकच : पॉवर प्लेचा मध्य आणि आक्रमणाच्या वेळची मिनिटे.

जुलै २०२२ मध्ये बर्न्सला कॅरोलिनाकडे पाठवण्यात आले. पुढच्या हंगामात कार्लसनने २५ गोल आणि ७६ सहाय्य, एकूण १०१ गुण केले. १९९१-९२ मधील ब्रायन लीचनंतर बचावपटूने शंभरी गाठण्याची ही पहिलीच वेळ. त्याला तिसरी नॉरिस मिळाली. त्याच वर्षी शार्क्स ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकले आणि कार्लसन उणे २६ राहिला. एक गट म्हणाला, बचाव न करणाऱ्या बचावपटूला पुरस्कार कसला? दुसरा म्हणाला, या संघात तो नसता तर काय झाले असते?

दोन्ही बाजूंनी परिस्थिती विसरली गेली. हरणारा संघ सतत पिछाडीवर असतो, म्हणून त्याचा बचावपटू अधिक धोका पत्करून पुढे जातो. त्यातून गुणही वाढतात आणि मागे मोकळी जागाही राहते. कमकुवत गोलरक्षणामुळे ती जागा महाग पडते. म्हणजे १०१ फुगलेले होते आणि उणे २६ सुद्धा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो पिट्सबर्ग पेंग्विन्सकडे गेला. तिथे उजव्या हाताचा अनुभवी क्रिस लेटांग आधीपासून होता. पॉवर प्ले तर त्या हंगामात लीगमधील सर्वांत निष्प्रभ ठरलेल्यांपैकी एक. कार्लसनचे गुण १०१ वरून ५६ वर आले. ३३ वर्षांच्या माणसाचे कौशल्य एका उन्हाळ्यात निम्मे होत नाही.

आपल्याकडच्या हॉकीतही असे दिसते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरमनप्रीत सिंगने १० गोल केले, बचावपटू असूनही स्पर्धेत सर्वाधिक. ड्रॅग फ्लिक त्याची, पण चेंडू रेषेवरून ढकलणारा आणि वर्तुळाच्या टोकाला तो अचूक थांबवणारा असे दोन जण त्याच्या आधी आपले काम करून गेलेले असतात. चेंडू वीतभर इकडेतिकडे थांबला तर जगातला कोणताही फ्लिकर हतबल. त्याच स्पर्धेत ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना भारताने दहा जणांनी तारून नेला. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध तो निलंबित होता आणि भारत २-३ हरला. तो असता तर निकाल वेगळा लागला असता असे सांगता येणार नाही. पण पेनल्टी कॉर्नरवर सर्वप्रथम धावून जाणारा खेळाडू नसताना बाकीच्या बचावपटूंनी काय केले, हे त्या नोंदीसह वाचावे लागते.

प्रशिक्षकाच्या हातात काय असते?

बरेच काही, आणि ते प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. खेळ थांबला की पुन्हा सुरू करताना चकती ठरावीक ठिकाणी टाकली जाते. ती आपल्या गोलसमोर टाकली जाणार असेल तर प्रशिक्षक भरवशाची जोडी उतरवतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर असेल तर आक्रमक जोडी. वर्षभर पहिल्या प्रकारच्या सुरुवाती मिळालेला बचावपटू आणि दुसऱ्या प्रकारच्या मिळालेला, यांचे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे कसोटीत नव्या चेंडूवर सलामीला गेलेल्याची आणि दमलेल्या गोलंदाजांवर सातव्या क्रमांकावर उतरलेल्याची सरासरी ताडून पाहणे.

नियमानुसार खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क घरच्या संघाला असतो. पाहुण्यांनी कोणती फळी उतरवली ते पाहून घरचा प्रशिक्षक आपली जोडी पाठवतो. म्हणजे एकच बचावपटू घरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या ताऱ्यांसमोर आणि बाहेरच्या सामन्यात भलत्याच फळीसमोर असू शकतो. २०११ च्या अंतिम फेरीत ज्युलियन यांनी चारा आणि डेनिस सायडेनबर्ग यांना एकत्र ठेवले. समोर व्हँकुव्हरचे सेडीन जुळे भाऊ होते. आधीच्या दोन हंगामांत लीगमधील सर्वाधिक गुणांचा मान त्या दोघांनी एकेकदा मिळवला होता. सात सामन्यांत व्हँकुव्हरला फक्त आठ गोल करता आले. चषक बॉस्टनने जिंकला. श्रेय चाराचे, सायडेनबर्गचे की गोलरक्षक टिम थॉमसचे? त्या वेळी पुरस्कार देणाऱ्यांनी थॉमसच्या बाजूने कौल दिला. तो चुकीचा नव्हता. पण थॉमसपुढून फटके कोठून येऊ दिले जात होते, हे त्या जोडीने ठरवले होते.

नवे मापन हा गुंता सोडवते का?

काही प्रमाणात. गोल कमी होतात आणि नशिबावर हेलकावे खातात, म्हणून विश्लेषकांनी फटके मोजायला सुरुवात केली. जाळीवर गेलेले, बाहेर गेलेले आणि मध्येच अडवलेले असे सगळे फटके धरणाऱ्या मोजणीला ‘कॉर्सी’ म्हणतात. बफेलोचे गोलरक्षण प्रशिक्षक जिम कॉर्सी यांचे हे नाव. खेळाडू बर्फावर असताना एकूण फटक्यांपैकी किती आपल्या संघाचे, हा वाटा गोलरक्षकाच्या चढउतारापासून बराच मोकळा असतो. मिकेलसनच्या काळात हे असते तर त्याचा आकडा वाईटच दिसला असता, पण कदाचित इतका हास्यास्पद नाही.

जोडीदाराचा परिणाम काढण्यासाठी ‘तो असताना आणि तो नसताना’ अशी तुलना करतात. क दोघे मिळून खेळताना आकडा काय, क एकटा इतरांबरोबर खेळताना काय, ख चा काय. दोघे वेगळे झाल्यावर क टिकला आणि ख घसरला तर भार क वाहत होता, असा निष्कर्ष निघतो. ऐकायला चोख वाटते. अडचण अशी की चांगल्या जोड्या वेगळ्या केल्याच जात नाहीत. हंगामातली ९० टक्के मिनिटे दोघे बरोबर असतील तर उरलेली मिनिटे कोणती असतात? एक जण दंडाच्या खोलीत असतो, जखमी असतो, किंवा संघ तीन गोलांनी मागे पडल्यामुळे प्रशिक्षकाने सगळेच ढवळलेले असते. अशा मिनिटांवरून माणसाची किंमत ठरवणे धोक्याचे आहे. म्हणून अलीकडे बर्फावरचे सर्व दहा खेळाडू, सुरुवातीची जागा, गुणफलक असे सारे एकाच वेळी समीकरणात घालून प्रत्येकाचा वाटा वेगळा काढण्याचा प्रयत्न होतो. हे मापन जुन्यापेक्षा नक्कीच प्रामाणिक आहे. पण ज्या दोघांना कोणी वेगळे पाहिलेच नाही, त्यांना समीकरणही अंदाजानेच वेगळे करते.

किंमत कोण मोजतो?

सेथ जोन्सच्या प्रवासात हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो. बास्केटबॉलपटू पॉपाय जोन्स यांचा हा मुलगा कोलंबसमध्ये झॅक वेरेन्स्कीच्या जोडीने खेळून नावारूपाला आला. जुलै २०२१ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याच्यासाठी अॅडम बोक्विस्त हा तरुण बचावपटू आणि पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क दिले. शिवाय आठ वर्षांचा, दर वर्षी ९५ लाख डॉलरचा करार केला. फटक्यांच्या वाट्याचे आकडे पाहणारे विश्लेषक तेव्हाच कुरकुरत होते. उंच, चपळ, २५ मिनिटे खेळणारा बचावपटू म्हणून जुन्या नजरेच्या लोकांना तो हवाच होता.

वर्षभरातच शिकागोने संघ नव्याने बांधायचे ठरवले. अॅलेक्स डब्रिंकॅट गेला, पॅट्रिक केन गेला, मग जोनाथन टेव्ज गेला. २०२२-२३ मध्ये संघाने ८२ पैकी २६ सामने जिंकले आणि जोन्स उणे ३८ झाला. पहिल्या जोडीतला, सर्वाधिक मिनिटे खेळणारा, प्रतिस्पर्ध्याच्या ताऱ्यांसमोर रोज उभा केलेला बचावपटू आणि पुढे शिकाऊ फळ्या. लीगमधील सर्वांत वाईट करारांच्या याद्यांत त्याचे नाव येऊ लागले. पगाराची कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये हा नुसता टोमणा नसतो. एका कराराने मर्यादेचा दहावा हिस्सा खाल्ला की दुसऱ्या कोणाला तरी कमी पैशांत घ्यावे लागते किंवा सोडावे लागते.

मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडा पँथर्सने त्याला घेतले. शिकागोला तरुण गोलरक्षक स्पेन्सर नाइट आणि पहिल्या फेरीतील निवडीचा सशर्त हक्क मिळाला. उरलेल्या करारात दर वर्षीचे २५ लाख डॉलर शिकागोच भरणार. फ्लोरिडात गुस्ताव फोर्सलिंग आणि अॅरन एकब्लॅड आधीपासून होते, म्हणून सर्व अवघड मिनिटे जोन्सच्या वाट्याला आली नाहीत. त्याला निको मिकोला हा लांब हातांचा, मागे थांबणारा जोडीदार मिळाला. पुढे अलेक्झांडर बार्कोव्ह, ज्याने सर्वोत्तम बचावात्मक आघाडीपटूचा सेल्की पुरस्कार तीनदा जिंकला आहे. मागे सर्गेई बॉब्रोव्स्की. साडेतीन महिन्यांत जोन्सने स्टॅन्ले चषक उचलला.

शिकागोतला जोन्स खोटा आणि फ्लोरिडातला खरा, असे म्हणणे सोपे आहे, पण पटणारे नाही. पहिल्या क्रमांकाचा बचावपटू म्हणून संघ एकट्याच्या खांद्यावर वाहून नेण्याइतका तो मोठा नव्हता, हे शिकागोत दिसलेच. मजबूत फळीत दुसऱ्या जोडीवर मात्र तो फार चांगला आहे. शिकागोने त्याला पहिल्या कामाचे पैसे दिले. चूक खेळाडूला ओळखण्यात जितकी होती, तितकीच आपण त्याच्याभोवती काय उभे करणार आहोत याचा विचार न करण्यात होती. दरम्यान, कोलंबसमध्ये मागे राहिलेला वेरेन्स्की २०२४-२५ मध्ये ८२ गुणांपर्यंत पोहोचला आणि नॉरिसच्या शेवटच्या तिघांत आला. त्या जुन्या जोडीत कोण कोणाला वाहत होता, यावर कोलंबसमध्ये अजून वाद होतात. दोघेही तेव्हा कोवळे होते आणि एकमेकांच्या सोयीने खेळत होते, हे उत्तर कोणाला फारसे आवडत नाही.

फ्लोरिडातही काही कायमचे नाही. नवा हंगाम सुरू होण्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये सरावात बार्कोव्हच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला सात ते नऊ महिने विश्रांती सांगण्यात आली. त्या दिवशी जोन्सच्या शेजारचा मिकोला तोच होता, मागचा बॉब्रोव्स्की तोच, प्रशिक्षक पॉल मॉरिस तेच. चकती परत मिळवायला सर्वांत आधी मागे धावणारा मध्यफळीतला माणूस तेवढा नव्हता.